विहिरीतला चेरमन

केशरबाईच्या तोंडून होकार काढणं म्हणजे खडकातून पाणी काढणं, असं वस्तीवर सगळेच म्हणत. टोमणाच होता तो, पण केशरबाईला कधी लागला नाही. लागावा कसा? खडकातून पाणी काढणाऱ्या माणसाचीच ती बायको. कुणी असं म्हटलं की ती पदर सारखा करायची आणि मान आणखी बोटभर वर जायची.

तो माणूस म्हणजे कचरू. बहात्तरच्या दुष्काळात सारा केज तालुका सरकारी कामावर खडी फोडत होता, तेव्हा त्याने युसूफ वडगावाजवळच्या या वस्तीतली बिनजमिनीची बौद्ध घरं एका सतरंजीवर बसवली. म्हणाला, सरकारची खडी फोडतो तशी आपली फोडू. गायरानाचा जो माळ कुणी फुकट घेतला नसता तो त्याने मागून घेतला, सगळ्यांच्या नावाने सामुदायिक शेतीची सहकारी संस्था काढली आणि त्या माळावर विहीर पाडायला घेतली. गाव हसलं. पण विहिरीला पाणी लागलं, आणि असं लागलं, की गावातले आड कोरडे पडल्यावर अख्खं गाव घागरी घेऊन तिथं आलं. जी माणसं वस्तीच्या सावलीलाही वळसा घालून जायची, तीसुद्धा. कचरूने कुणाची घागर रिकामी धाडली नाही. पुढे काही वर्षांनी तूर राखायला गेलेला असताना त्याला पान लागलं, साप चावला, आणि धडधाकट माणूस एका दुपारीत गेला.

आता संस्थेला पंचवीस वर्षं झाली होती. कार्यक्रम ठरला. कार्यालयात बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरी होत्या, त्यांच्या समोरच्या भिंतीवर पहिल्या चेरमनची तसबीर लावायची असंही ठरलं. छापील नाही, हाताने रंगवलेली, तेलरंगातली. परळीचा त्रिंबक पेंटर फोटोवरून अशा तसबिरी हुबेहूब करून देतो, हे सगळ्यांना माहीत होतं. टाळ्या वाजल्या, ठराव झाला, चहा झाला, आणि मग कुणाच्या तरी ध्यानात आलं, की कचरूचा फोटोच नाही.

एकही नाही. वस्तीवर फोटोवाला आला तो एकदाच, विहिरीला पाणी लागलं तेव्हा, साहेबलोकांच्या मागोमाग. फोटो म्हटल्यावर विहिरीतली माणसं दोराला धरून भराभर वर आली. कुणी तोंड धुतलं, कुणी दुसऱ्याची टोपी घातली. कचरू तेवढा खाली राहिला. पाण्याबरोबर गाळ येत होता, आणि गाळाला फोटोचं काय कौतुक? तो फोटो कार्यालयात अजून आहे. त्यात साहेब आहेत, साहेबांचा शिपाई आहे, मध्येच घुसलेली एक शेळी आहे. ज्याने विहीर पाडली तो नाही.

कचरूचा चुलतभाऊ शहादेव आता चेरमन होता. एवढ्या तेवढ्याने बसकण मारणारा गडी नव्हता तो. त्याने केशरबाईला आणि तिच्या मुलाला, एसटीत कंडक्टर असलेल्या जालिंदरला, बरोबर घेतलं आणि परळी गाठली.

त्रिंबकचं दुकान वैजनाथाच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं. आत शिरताच केशरबाई दचकली. भिंतीला टेकवून धडं उभी होती. कोट घातलेली, फेटा बांधलेली, पदर घेतलेली, खुर्चीवर बसलेली, शेजारी फुलदाणी असलेली. आणि चेहऱ्याच्या जागी नुसता कोरा लंबगोल. त्रिंबक हसून म्हणाला, ''घाबरू नका मावशी. हाताला काम नसलं की धडं करून ठेवतो. गिऱ्हाईक आलं की तोंड बसवायचं.'' दुकानाच्या मधोमध एक मच्छरदाणी टांगलेली होती आणि तिच्या आत ओली तसबीर वाळत होती. थर्मल वीजकेंद्राची राख उडते, ओल्या रंगावर बसते आणि गोऱ्यापान माणसाच्या तोंडावर देवीचे व्रण आल्यासारखं दिसतं, म्हणून ही सोय.

फोटो नाही म्हटल्यावर त्रिंबकला काहीच वाटलं नाही. ''चेहरा कुठं जात नसतो,'' तो म्हणाला. ''घरातच वाटून दिलेला असतो. लेकाचा फोटो आणा, भावाचा आणा, नातवंडांचे आणा. आपण गोळा करू.''

मग गोळा करणं सुरू झालं. जालिंदरच्या ओळखपत्रावरून नाक आणि कपाळ घेतलं. शहादेवच्या फोटोवरून गालाची हाडं. भुवया नात सुजाताच्या, शाळेच्या फोटोतल्या; त्या आजोबाच्याच आहेत यावर वस्तीचं एकमत होतं. शहादेवने धड पसंत केलं: काळा कोट, खिशाला पेन, हात खुर्चीच्या दांडीवर.

त्रिंबकची एक रीत होती. घरच्या माणसाने 'हेच' म्हटल्याशिवाय तो तसबिरीखाली सही करत नसे. तसबीर तयार झाल्यावर त्याने निरोप धाडला. सगळे गेले. शहादेव बघतच राहिला. ''लई भारी! जणू आत्ता उठून बैठकीला चाललेत.''

केशरबाईने पाहिलं. ''न्हाई,'' ती म्हणाली.

''काय न्हाई?''

''हे ते न्हाईत.''

त्रिंबकने नाक थोडं बसकं केलं. पुन्हा बोलावलं. न्हाई. मिशी दाट केली. न्हाई. रंग सावळा केला, कानशिलाला पांढरे केस दिले. तरी न्हाई. ''नक्की काय चुकतंय, तेवढं सांगा मावशी,'' त्रिंबक काकुळतीला येऊन म्हणाला, तर केशरबाई दुकानाबाहेर जाऊन उभी राहिली.

शहादेवचा पारा चढला. ''वैनी, तुमी कावून आडून बसल्या? साऱ्या वस्तीला पसंत हाय. तुमाला कोट खुपतोय व्हय? आवो, बाबासाहेबांनी आपल्याला कोट घालायला शिकवलं. लोकांच्या चेरमनला कोट, आन् आपला तेवढा उघडाबोडका?''

''कोट घातला आसता तर मीच कौतुकानं बगत बसले आसते, भावजी,'' केशरबाई म्हणाली. ''पर घातला न्हाई ना त्यांनी.''

शहादेवचंही खोटं नव्हतं. त्याच्या लहानपणी गावात नवीन सदरा घालून जायची चोरी होती. त्याला आपल्या भावाच्या अंगावर कोट हवा होता, निदान रंगाचा तरी. तो तसबीर उचलून घेऊन गेला. खाली सही नव्हती, पण सही कोण बघतं?

खरी गोष्ट केशरबाईने कुणालाच सांगितली नव्हती. तिला कचरूचा चेहरा आठवत नव्हता.

आवाज आठवायचा. चालणं आठवायचं. भाकरी मोडताना आधी कड खायची सवय आठवायची. पण चेहरा आठवायला जावं तर त्रिंबकच्या धडांसारखा कोरा लंबगोल समोर यायचा. ज्याच्याबरोबर संसार केला त्याचं तोंड आठवू नये याची तिला इतकी लाज वाटायची, की लेकालाही बोलली नाही. एवढंच पक्कं ठाऊक होतं, की तो कोटवाला हा नव्हे. कबूल केलं असतं तर कायमचा तोच कचरू झाला असता, आणि खरा जो कुठे आत दडून बसला होता तो पुन्हा सापडला नसता. म्हणून ती न्हाई म्हणत होती. लोक हट्टी म्हणाले, म्हणू देत.

कार्यक्रम जवळ आला तसं तिला राहवेना. जालिंदरला घेऊन ती पुन्हा परळीला गेली. बिनसहीची तसबीर त्रिंबकलाही टोचत होती; त्याने या वेळी विहिरीवरचा तो जुना फोटो मागवून घेतला होता. त्या काळची माणसं अंगात काय घालत, ते बघावं एवढाच त्याचा हेतू. भिंग लावून तो फोटोवरून डोळा फिरवत होता, आणि मध्येच थांबला.

''मावशी, ह्या तुम्हीच ना?''

तीच होती. विहिरीच्या काठावर, कमरेला पदर खोचलेला, हातात पाटीचा दोर.

''सगळे फोटोवाल्याकडं बघायला लागलेत. शेळीसुद्धा. तुम्ही एकट्याच खाली बघताय. कुणाकडं?''

''त्यांच्याकडं,'' केशरबाई म्हणाली. ''दुसरं कोन व्हतं खाली?''

''मग काय दिसत होतं?''

केशरबाई फोटोवर वाकली. मग ती एकदम जालिंदरकडे वळली. ''खाली बस.''

''कुठं?''

''हितं, फरशीवर. उकिडवा. आता वर बग माज्याकडं. आसं न्हाई, ऊन लागल्यावानी. हात धर डोळ्यांवर.''

एसटीचा कंडक्टर, दोन मुलांचा बाप, भर बाजारातल्या दुकानात जमिनीवर उकिडवा बसला, डोळ्यांवर आडवा हात धरला आणि आईकडे वर पाहिलं. ऊन नव्हतं तरी डोळे बारीक झाले. कपाळ मोठं झालं, हनुवटी लहान झाली, मान ताणली गेली. आणि काही न कळून त्याने विचारायला तोंड अर्धवट उघडलं.

केशरबाईला रडू कोसळलं. रडता रडता ती हसत होती, आणि त्रिंबकच्या बाहीला धरून म्हणत होती, ''हेच. हेच. बगा, हेच तोंड. मी वरूनच बगायचे ओ त्यांला. पाटी वर वढायची, खाली सोडायची, सारा उन्हाळा. संसार बरोबर केला, पर डोळं भरून बगितलं ते तवाच. समूरासमूर कुठं बगत व्हतो आमी नवऱ्याच्या तोंडाकडं?''

त्रिंबकने स्टूल ओढलं, त्यावर चढला आणि वरूनच कागदावर रेघा मारायला सुरुवात केली. अशी तसबीर त्याने जन्मात काढली नव्हती. तयार धड याला उपयोगी पडणार नव्हतं. जालिंदरचे पाय मुंग्या येऊन बधिर झाले, पण आईचा चेहरा बघून तो हूं का चूं करेना. चिखल कुठपर्यंत होता, बंडी कशी होती, खांद्यावर पाणी कुठून झिरपत होतं, केशरबाई एकेक सांगत होती, आणि आता तिला सगळंच आठवत होतं. शेवटी मच्छरदाणीतून तसबीर बाहेर आली तेव्हा त्रिंबकने काही न विचारता खाली सही करून टाकली.

कार्यक्रमाच्या दिवशी कार्यालय फुलून गेलं होतं. वस्ती होती, गावातली माणसं बोलावलेली होती, दारात मुलींनी रांगोळी काढली होती. भिंतीवर उंच खिळ्याला कोटवाली तसबीर टांगलेली, वर फुलांचा हार. तेवढ्यात जालिंदर गोधडीत गुंडाळलेली चौकट घेऊन आला, मागे केशरबाई. तिने कुणाची परवानगी मागितली नाही. चौकट बाकाला टेकवून जमिनीवर उभी केली आणि गोधडी काढली.

माणसं पुढे झाली, वाकली. कुजबुज सुरू झाली.

''ह्यो कोन बे?''

''चिखलानं भरलाय की पार.''

''तोंड कावून उघडं हाय त्याचं?''

शहादेवने कपाळाला हात लावला. ''वैनी, आज तरी नको व्हतं हे. चेरमन मानूस आसा हिरीत बसवतेत का?''

''हिरीतच व्हते ते,'' केशरबाई म्हणाली.

''तुमाला दिसले आसतील. बाकी कुनी वळखत न्हाई, बगा तुमीच.''

आणि हेच खरं होतं. कचरूबरोबर विहिरीत उतरलेले म्हातारे समोर होते. त्यांनी त्याला शेजारून पाहिलं होतं, खांद्याला खांदा लावून. पोरांनी तर पाहिलंच नव्हतं. म्हातारे माना हलवत होते. नाक त्याचंच वाटतंय, पण, असं म्हणून थांबत होते. केशरबाईने तसबिरीकडे पाहिलं. हे तोंड तिच्या एकटीचंच असेल तर? मग ही तसबीर घरी न्यायची, आणि कार्यालयात, पाणी ज्याने दिलं त्याच्या जागी, कायमचा तो कोटवाला.

शहादेव म्हणाला, ''हे बगा, ही संस्था हाय. घरचं काम न्हाई. दादानंच लावलेली रीत हाय, अडलं की हात वर करायचे. करू या?''

केशरबाईला नाही म्हणता येईना. रीत कचरूचीच होती. ''करा,'' ती म्हणाली.

कोटासाठी हात वर झाले. भराभर झाले, आनंदाने झाले. त्यात वाईटपणा कुणाचाच नव्हता. या तसबिरीसाठी जालिंदरचा हात वर झाला, सुजाताचा झाला, तर कुणीतरी म्हणालं, पोरगी मेंबर नाही. केशरबाईने आपला हात वर केला आणि तसाच ठेवला. आजूबाजूला बघितलंसुद्धा नाही.

तेव्हा मागून काठीचा आवाज आला. गावातला मेंढक्या, म्हातारा बंकट, खांद्यावर घोंगडी टाकून गर्दीतून पुढे येत होता. ''मी काय मेंबर न्हाई,'' तो म्हणाला. ''मला हात न्हाई. नुसतं बगू द्या.''

लोकांनी वाट दिली. तो काठीवर रेलून वाकला. बराच वेळ तसाच राहिला. कुणीतरी हसलं, म्हाताऱ्याला दिसत नसेल म्हणून.

''बोलतोय ह्यो,'' बंकट म्हणाला.

''काय बोलतोय?'' शहादेवने विचारलं.

''कोन हाय वर. आसं इचारतोय.''

केशरबाईचा वर धरलेला हात खाली आला. हे तिने त्रिंबकलाही सांगितलं नव्हतं, लेकालाही नाही. विहिरीच्या काठावर सावली पडली की कचरू खालून हेच विचारायचा, आणि विचारताना तोंड असंच व्हायचं.

बंकट वळला. ''गाव यायच्या आदी मी आलतो ह्या हिरीवर. माय तापानं फनफनली व्हती, घरात थेंब न्हाई. आन् गावात ठरलं व्हतं, ह्या लोकांचं पानी शिवायचं न्हाई. भर दुपारी, कुनी न्हाई बगून आलतो. काठावर उभा ऱ्हायलो तं ह्यांनी खालून वर बगितलं, आसंच, हात धरून. कोन हाय वर, म्हनले. मी नाव न्हाई सांगितलं. भ्यालो, गावाला कळंल म्हून. तं म्हनले, बरं, नको सांगू. सोड घागर. भरून दिली आन् मी पळालो. माय जगली.''

बंकटने काठी बाकाला लावून ठेवली, डोक्याचा फेटा काढून हातात घेतला आणि तसबिरीकडे पुन्हा वाकला.

''बंकट हाय, कचरूदादा,'' तो म्हणाला. ''तात्याबाचा बंकट.''

केशरबाई पुढे झाली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मान ताठ होती. ''ठाव व्हतं त्यांला, बंकटभाऊ,'' ती म्हणाली. ''त्याच दिशी भाकर खाताना म्हनले, तात्याबाचा पोरगा आलता, पानी घेऊन गेला. मी म्हनलं, मग गावात सांगू का? तं म्हनले, तू नको बोलू. त्याचं नाव त्याला सांगू दी.''

म्हाताऱ्याने फेटा तोंडाला लावला.

''आन् मी न्हाई बोलले कुनाला,'' केशरबाई म्हणाली. ''आजपतूर.''

शहादेवने पुन्हा हात वर करायला सांगितलं नाही. तो कितीतरी वेळ खाली बसून भावाच्या तोंडाकडे बघत होता. मग उठला, स्टूल ओढलं, हार काढला आणि कोटवाली तसबीर हलक्या हाताने उतरवून पोरांकडे दिली. ''जपून ठिवा बे,'' तो म्हणाला. ''पाव्हना हाय.'' हातोडी घेऊन तो भिंतीपाशी गेला. ''वैनी, खिळा कुठं ठोकू?''

केशरबाईने भिंतीवर हात ठेवला, आपल्या कमरेच्या उंचीला. ''हितं.''

''एवढ्या खाली?''

''आपन काठावर, ते खाली,'' ती म्हणाली. ''तसंच दिसाय पायजेल.''

शहादेवने तिथेच खिळा ठोकला. तोवर तसबीर बंकटने धरून ठेवली होती.